‘जरा डीम कर’: कोल्हापुरातल्या एका प्रयोगाचा प्रकाश, ध्वनी आणि त्यांची भाषा

प्रकरण कोल्हापुरातल्या एका हौशी नाट्यसंस्थेचं आहे. दोन अंकी घरगुती नाटक, आठवड्याच्या अंतराने दोन प्रयोग. पहिल्या प्रयोगात नटमंडळी चोख होती. प्रकाश आणि ध्वनी मात्र चार ठिकाणी घसरले, आणि त्यातली सर्वांत मोठी घसरण नेमकी पहिल्या अंकाच्या शेवटावर आली. दुसऱ्या प्रयोगाआधी संस्थेने मला बोलावलं. दिवे तेच राहणार होते, माणसं तीच, सभागृहही तेच. भाड्यासाठी वाढीव पैसे नव्हते. बदलण्यासारखं एवढंच उरलं होतं की ही माणसं एकमेकांना काय सांगतात आणि कसं सांगतात.

हौशी रंगभूमीवर आपण संहितेवर महिनोन्‌महिने बोलतो, आणि प्रकाश-ध्वनीचं बोलणं प्रयोगाच्या दिवशी दुपारी उभ्याउभ्या उरकतो. त्या उभ्याउभ्या बोलण्यात काय काय सांडतं ते या प्रकरणात फार स्पष्ट दिसलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही.

माणसं कुठून आली

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये गावाला दिलेली ही वास्तू. तिच्याविषयी पुष्कळ लिहून झालं आहे आणि ते योग्यच आहे. मला एका वेगळ्या नुकसानीबद्दल बोलायचं आहे. कायमचं नाट्यगृह असलं की दिव्यांच्या जागा ठरलेल्या असतात, त्यांचे नंबर पाठ असतात, तिथला माणूस ओळखीचा असतो. दिग्दर्शकाने अर्धवट काही सांगितलं तरी तो माणूस उरलेलं समजून घेतो. ही समजूत कागदावर नसते, पण प्रयोग तिच्यावरच चालतात. आगीनंतर हौशी संस्था शहरातल्या इतर सभागृहांकडे वळल्या. त्यातली बरीच मुळात भाषणं, सत्कार, मेळावे यांच्यासाठी बांधलेली. वर दिवे टांगायला दांडी असली तर असली. नाहीतर स्टँड, भाड्याचे दिवे, भाड्याचा डिमर (दिव्यांना जाणारी वीज कमी-जास्त करणारं यंत्र) आणि सामानासोबत येतील ती माणसं.

या प्रयोगाला प्रकाशाच्या बोर्डवर, म्हणजे जिथून सगळे दिवे चालवतात तिथे, बसलेला तरुण ऑर्केस्ट्रा आणि गणेशोत्सवातल्या मंडळांची कामं करणारा होता. हात वेगवान, डीएमएक्सची, म्हणजे बोर्डवरून दिव्यांना आकड्यांत हुकूम देण्याच्या पद्धतीची, जाण पक्की. दिवे लावायला आलेला त्याचा जोडीदार चित्रीकरणातला, मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांच्या सेटवर तयार झालेला. असा माणूस सहज मिळतो हे कोल्हापूरचं भाग्य आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, मग १९२९ साली इथेच सुरू झालेली प्रभात, तेव्हापासून हे काम गावाच्या अंगवळणी पडलं आहे. ध्वनीवर एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणतात. सभा, भजन, व्याख्यानमाला हे त्यांचं नेहमीचं काम. दिग्दर्शक पेशाने शिक्षक, अनेक वर्षं नाटकात मुरलेले. आणि विंगेत सगळं धरून ठेवणाऱ्या एक ताई.

प्रत्येकाची भाषा आपापल्या धंद्यातून आलेली. ‘स्पॉट’ हा एकच शब्द घ्या. दिग्दर्शकांच्या तोंडी स्पॉट म्हणजे रंगमंचावरचा उजेडाचा एक तुकडा, ज्यात नट उभा राहतो. तो कुठल्या दिव्यातून येतो याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. चित्रीकरणातल्या माणसासाठी स्पॉट ही फ्रेनेल या भिंगाच्या दिव्यातल्या बल्बची जागा आहे. बल्ब भिंगापासून मागे घेतला की झोत आवळतो, तो स्पॉट. भिंगाजवळ आणला की झोत पसरतो, तो फ्लड. बोर्डवरच्या तरुणासाठी स्पॉट म्हणजे मूव्हिंग हेडचा, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या दिव्याचा, एक प्रकार, ज्यात नक्षी पाडणारे गोबो आणि रंगांची चाकं असतात. तिघंही बरोबर आहेत. पण ‘आईला स्पॉट दे’ हे वाक्य ऐकून तिघं तीन वेगवेगळी कामं करायला निघतील, आणि प्रत्येकाला वाटेल की आपण सांगितलं तेच केलं.

पहिल्या प्रयोगात काय झालं

संहितेत पहिल्या अंकाचा शेवट असा आहे: आई समई मालवते, प्रकाश मंद होत जातो, दूरवर देवळाची घंटा वाजते, अंधार. तांत्रिक तालमीत दिग्दर्शक म्हणाले, ‘इथं ब्लॅकआऊट. समई मालवली की घे.’ त्यांच्या मनात दहाबारा सेकंदांचा हळूहळू उतरणारा प्रकाश होता. आजवर ज्यांच्यासोबत काम केलं ती माणसं अंकाच्या शेवटाचा ब्लॅकआऊट तसाच करत आली होती. पण भाड्याने मिळणाऱ्या लहान डीएमएक्स बोर्डवर ब्लॅकआऊट नावाचं बटणच असतं. ते दाबलं की सगळे चॅनल, म्हणजे दिव्यांच्या वेगवेगळ्या वाटा, त्याच क्षणी शून्यावर जातात. तरुणाने ते बटण अगदी वेळेवर दाबलं. आईचा हात ज्योतीकडे जात होता, तेवढ्यात सगळं काळं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, कारण अंधार झाला म्हणजे अंक संपला. घंटा टाळ्यांत बुडाली. विंगेतला निळा दिवाही त्याच डिमरवर लावलेला होता, तो पण गेला, आणि आईची भूमिका करणाऱ्या बाईंना चाचपडत बाहेर यावं लागलं. हात, ज्योत आणि घंटा यांच्यातल्या त्या थांब्यावर त्यांनी तालमीत किती मेहनत घेतली होती हे ताईंनी मला सांगितलं. ऐकून वाईट वाटलं. नटाचं काम असं वाया जाणं ही तांत्रिक किरकोळ बाब मानायला मी तयार नाही.

बाकीच्या तीन चुका थोडक्यात सांगतो. शेजाऱ्याच्या स्वगताला प्रकाश रिकाम्या खाटेवर आला, कारण ‘डावीकडचा’ म्हणजे कुणाच्या डावीकडचा हे ठरलं नव्हतं. संध्याकाळच्या प्रवेशात खोली अंधारायची होती, तिच्यासोबत मागच्या पडद्यावरचं आकाशही अंधारलं. आणि दुसऱ्या अंकात वडिलांचं हळू बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला, तेव्हा सभागृहभर शिट्टी घुमली.

तालमीचं चित्रण

संस्थेतल्या एका मुलाने तांत्रिक तालीम मोबाईलवर पूर्ण टिपून ठेवली होती. प्रयोगात काय चुकलं याची सर्वांना कल्पना होती, पण ते तालमीतच कसं पेरलं गेलं हे त्या चित्रणात ऐकू येतं. हा त्यातला एक तुकडा.

‘भावा, जरा डीम कर.’

‘झालं सर.’

‘अरे सगळंच गेलं की! मागचं आकाश ऱ्हाऊ दे.’

‘मग कुठलं डीम करू सर?’

‘खोलीतलं.’

‘खोलीतलं म्हंजे समोरचं का वरचं?’

इथे एका नटाने एंट्रीबद्दल काहीतरी विचारलं, दिग्दर्शक तिकडे वळले आणि प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. तरुणाने विचारलं ते अगदी मुद्द्याचं होतं. त्याला तीन गोष्टी हव्या होत्या: कोणते दिवे, किती, आणि किती वेळात. मिळाला एक ‘जरा’. त्याने मास्टर फेडर, म्हणजे सगळे दिवे एकदम वर-खाली करणारी सरकपट्टी, खाली घेतला, कारण दिव्याचं नाव सांगितलं नसेल तर मास्टर घ्यायचा हे ऑर्केस्ट्रात रीतसर आहे.

थोड्या वेळाने दिग्दर्शक म्हणतात, ‘मामा, घंटा जरा लांबनं आल्यासारखी वाटू दे.’ मामा म्हणतात, ‘बारीक करतो.’ दिग्दर्शक म्हणतात, ‘हां, बारीक.’ दोघांचं एकमत झालं, आणि प्रयोगात टाळ्या पडल्या नसत्या तरी पाचव्या रांगेमागे ती घंटा कुणाला ऐकू गेली नसती.

‘डीम’ या शब्दात दडलेल्या दोन गोष्टी

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

दिग्दर्शकांनी आयुष्यभर प्रकाश पाहिला तो हॅलोजनचा. पार-६४ या डब्यासारख्या दिव्यातला १००० वॉटचा बल्ब किंवा जुने फ्रेनेल, सगळे तारेच्या बल्बचे. पूर्ण तेजावर त्यांचा उजेड रंगाच्या मापात साधारण ३२०० केल्व्हिनचा असतो. डिमरने वीज कमी केली की तार थंड होत जाते, आणि उजेड कमी होता होता पिवळा, मग तांबूस होतो. म्हणजे हॅलोजन डीम केला की दोन गोष्टी एकदम घडतात, उजेड घटतो आणि रंग ऊबदार होतो. संध्याकाळ, समई, आठवण अशा प्रवेशांत आपल्याला जे भावतं त्यात दुसऱ्या गोष्टीचा वाटा मोठा असतो, पण तिचं वेगळं नाव घ्यायची वेळ कधी आली नाही. ती फुकट मिळत होती.

या प्रयोगातले समोरचे सगळे दिवे एलईडी पार होते. एलईडी डीम केला की उजेड घटतो, रंग आहे तसाच राहतो. पांढरा दिवा १०० टक्क्यांवर पांढरा आणि १५ टक्क्यांवरही पांढराच, फक्त मरगळलेला. दिग्दर्शक तालमीत पुन्हापुन्हा म्हणतात, ‘डीम केलं तरी जीव नाही येत,’ आणि तरुण पुन्हापुन्हा आणखी खाली घेतो. खाली घेऊन ते मिळणार नव्हतं. त्याला लाल आणि अंबर (पिवळसर नारिंगी) हे रंग वाढवायचे होते, आणि हे त्याला कुणी सांगायला हवं होतं.

शेवटाच्या अंधाराचंही तसंच. हॅलोजन झटक्यात बंद केला तरी तापलेली तार क्षणभर लालसर राहते, त्यामुळे कट केलेल्या अंधारालाही एक शेपूट असतं. एलईडीला ते नसतं. शिवाय साध्या आठ बिटांच्या डीएमएक्स चॅनलमध्ये ० ते २५५ अशा एकूण २५६ पायऱ्या. वरच्या भागात एक पायरी उतरलेली डोळ्याला कळत नाही. तळाशी २ वरून १ वर जाणं म्हणजे आकडा निम्मा होणं, आणि १ वरून ० वर जाणं म्हणजे दिवा टपकन विझणं. हळू फेडमध्ये, म्हणजे उजेड सावकाश उतरवताना, हे हिसके पहिल्या रांगेलासुद्धा दिसतात. म्हणजे तरुणाने बटण न दाबता बारा सेकंद फेडर ओढला असता तरी दिग्दर्शकांच्या मनातला शेवट मिळाला नसता. शब्द दुरुस्त करताना त्याखालची यंत्रं बदललीत हेही पाहावं लागतं.

भावनेचे शब्द आणि कामाचे शब्द

‘उदास’, ‘कोंदट’, ‘प्रसन्न’ असे शब्द दिग्दर्शकाने वापरू नयेत असं म्हणणारे तंत्रज्ञ मी पाहिलेत. मला ते पटत नाही. प्रकाशयोजनाकाराला पहिल्यांदा हेच शब्द हवेत, कारण नाटक काय म्हणतंय ते त्यातून कळतं. पण बोर्डवर बसलेल्या माणसापर्यंत ते तसेच पोचले तर तो काय करणार? मधे कुणीतरी त्यांची फोड करायला हवी. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनले मॅककँडलेस यांची १९३२ साली प्रसिद्ध झालेली पद्धत रंगमंचाच्या प्रकाशाचा पाया मानली जाते. त्यांनी प्रकाशाचे चार गुण सांगितले: तीव्रता, रंग, आकार आणि हालचाल. आम्ही बसून ‘उदास’ची फोड केली. तीव्रता ४० टक्के, रंगात अंबर नाही, आकार म्हणजे प्रकाश फक्त खिडकीच्या बाजूने येणारा, आणि हालचाल म्हणजे आधीच्या प्रवेशातून २० सेकंदांत इथे येणं. दिग्दर्शक म्हणाले की हा आकार आपल्या डोक्यात होता, पण तो सांगता येतो हे माहीत नव्हतं.

मॅककँडलेस यांच्याच पद्धतीतली दुसरी गोष्ट इथे उपयोगी पडली. प्रत्येक जागेला समोरून दोन दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, एक ऊबदार आणि एक थंड. पहिल्या प्रयोगात दिवे सरळ समोरून होते आणि चेहरे सपाट दिसत होते. स्टँड दोन्ही कडांना सरकवले, तेवढ्याने नाकडोळे उठून आले. याला पैसा लागला नाही.

डावं-उजवं

रंगभूमीचा नियम ठाम आहे. प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं डावं ते डावं. चित्रीकरणात डावं म्हणजे कॅमेऱ्याचं, म्हणजे नेमकं उलट. दिवे लावणारा माणूस जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला. त्याला नियम सांगितला, त्याने मान डोलावली, आणि घाईत हात पुन्हा जुन्या बाजूला गेला. यात हट्ट नाही, सवय आहे.

ताईंनी तोडगा काढला आणि तो मला फार आवडला. नेपथ्यात एका बाजूला देव्हारा आहे, दुसऱ्या बाजूला रस्त्याचं दार. बोलताना डावं-उजवं बंद. ‘देव्हाऱ्याची बाजू’ आणि ‘दाराची बाजू’. तुम्ही कुठेही तोंड करून उभे असा, देव्हारा जागचा हलत नाही, आणि उद्या दुसऱ्या सभागृहात गेलं तरी हीच नावं चालतात. आराखड्यावर मात्र नटाचंच डावं-उजवं लिहावं, कारण तो कागद उद्या परक्या माणसाच्या हातात जाईल.

मामांचा टेबल

ध्वनीच्या बाजूला मला जास्त वेळ लागला. प्रकाश निदान दिसतो. आवाज प्रत्येक खुर्चीवर वेगळा ऐकू येतो.

दूरची घंटा म्हणजे बारीक घंटा हा समज सार्वत्रिक आहे. आवाज दूरचा वाटतो तो पातळी कमी झाल्यामुळे थोडासाच. अंतरासोबत त्याची धार, म्हणजे वरच्या पट्टीचा भाग, झिजतो. सरळ येणाऱ्या आवाजाच्या मानाने भिंतींवरून परतणारा आवाज वाढतो. आणि तो एका दिशेने येतो. पुढच्या दोन मोठ्या स्पीकरमधून कितीही बारीक घंटा सोडली तरी ती प्रेक्षकांच्या कानाशीच वाजते. मामांकडे एक लहान स्पीकर पडून होता. तो सायकच्या, म्हणजे आकाशाच्या मागच्या पडद्याच्या, मागे मागच्या भिंतीकडे तोंड करून ठेवला, ट्रेबल, म्हणजे वरची पट्टी, उतरवला आणि पातळी उलट वाढवली, शेवटच्या रांगेत बसून ऐकत. घंटा मोठी झाली आणि लांब गेली. मामा खुर्चीतून उठून मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘हे ब्येस झालं. आता अंबाबाईच्या देवळाची वाटत्या.’

शिट्टीची गोष्ट वेगळी. रंगमंचाच्या कडेला जमिनीलगत ठेवलेले चार ‘फूट माईक’ होते आणि चारही सतत उघडे. ‘आवाज वाढव’ म्हटल्यावर मामा गेन वाढवायचे. गेन म्हणजे माईककडून आलेला कमकुवत सिग्नल टेबलात, म्हणजे मिक्सरमध्ये, शिरतानाच किती मोठा करायचा ते, आणि फेडर म्हणजे त्यातला किती पुढे सोडायचा ते. दोन्हींपैकी काहीही वाढवलं तरी माईक ते स्पीकर ते पुन्हा माईक हा फेरा वाढतो, आणि एका मर्यादेपलीकडे शिट्टी येणारच. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की ती मर्यादा ३ डेसिबलने अलीकडे सरकते. त्यामुळे वडिलांचं बोलणं ऐकू आणण्याचा उपाय वाढवण्यात नव्हता, बंद करण्यात होता. वडील दाराच्या बाजूला बसतात, तिथलाच माईक उघडा ठेवायचा, बाकीचे तीन खाली. सोबत लो-कट, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज गाळणारी सोय, लावून पावलांची धडधड काढायची, आणि स्पीकर माईकच्या रेषेच्या पुढे, प्रेक्षकांकडे सरकवायचे.

शब्दांपुरतं ठरलं ते असं: मामांचीच भाषा कायम ठेवायची, फक्त तिची वाटणी करायची. ‘वर’ आणि ‘बारीक’ हे केवळ पातळीसाठी. ‘जाड’ आणि ‘पातळ’ हे बेस आणि ट्रेबलसाठी, मामा तसंच म्हणतात. ‘जवळ’ आणि ‘लांब’ हे स्पीकरच्या जागेसाठी. दिग्दर्शकांनी हे शब्द शिकून घेतले. त्यांनी नवी इंग्रजी यादी आणली असती तर मामांनी नम्रपणे ऐकून घेतली असती आणि वापरली नसती.

क्यू शीट

क्यू म्हणजे प्रकाश किंवा ध्वनी बदलायचा ठरलेला क्षण, आणि असे सगळे क्षण ज्या कागदावर लिहितात ती क्यू शीट. आधीच्या कागदावर तीन रकाने होते: पान, वाक्य, ‘लाईट’. नव्या कागदावर पाच केले: क्रमांक, कशावर, काय, किती, किती वेळात. पहिल्या अंकाचा शेवट त्यावर असा उतरला.

प्रकाश १७: आईचा हात ज्योतीवर. समई लगेच शून्य. समोरचे एलईडी ६० वरून शून्य, ८ सेकंदांत, उतरताना अंबर चढवत. मागचे दोन हॅलोजन २५ वर तसेच. सायक निळा तसाच.

ध्वनी ‘घंटा’: समोरचे दिवे पूर्ण गेल्यावर. फक्त मागचा लहान स्पीकर. दोन टोले.

प्रकाश १८: दुसरा टोला विरल्यावर. हॅलोजन आणि सायक शून्य, ४ सेकंदांत. ब्लॅकआऊटचं बटण नाही.

भाड्याच्या सामानात दोन जुने पार-६४ आधीपासून होते, मागून प्रकाश देण्यासाठी. त्यांनाच शेवटी राखून ठेवलं. एलईडी तळाशी हिसके देतात तेव्हा हॅलोजन वर असतात, म्हणून ते हिसके झाकले जातात, आणि अखेरचा उजेड तारेवर विझतो. सायक एलईडीचाच होता, पण निळा मुळातच मंद असल्याने त्याचा हिसका खुपला नाही. असा एक पार २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो, त्यामुळे १० अँपिअरच्या एका डिमर चॅनलवर दोन्ही बसले. विंगेतला निळा दिवा डिमरवरून काढून थेट प्लगवर दिला.

समईत पहिल्यापासून लहान बल्ब होता. रंगमंचावर दिसणाऱ्या अशा चालू दिव्याला नाटकातही प्रॅक्टिकल म्हणतात आणि चित्रीकरणातही. सगळ्यांना एकाच अर्थाने माहीत असलेले असे शब्द फार थोडे निघाले.

क्यू पुकारायचं काम ताईंकडे आलं. क्यूच्या आधी ‘तयार’, आणि क्षणावर ‘घे’. तिसरा शब्द नाही, आणि हेडसेटवर ताईंशिवाय कुणीही ‘घे’ म्हणायचं नाही, चहा देतानासुद्धा. आकडे जोडून म्हणायचे नाहीत. मराठीत सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस हे कुजबुजत्या हेडसेटवर एकमेकांत मिसळतात, म्हणून ‘दोन-सात’, ‘तीन-सात’. ध्वनीच्या क्यूंना अक्षरं द्यायची पद्धत आहे, ती आम्ही करून पाहिली आणि सोडली, कारण क आणि ख, ग आणि घ कानाला सारखेच येतात. त्याऐवजी प्रत्येक आवाजाचं नाव: घंटा, रेडिओ, पाऊस, कुकर.

दिग्दर्शकांची एक शंका रास्त होती. सेकंद लिहिले की नाटक घड्याळाला बांधलं जाईल, आणि नटाचा थांबा तर रोज वेगळा असतो. म्हणून ‘कशावर’ हा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला. क्यू सुटतो नटाच्या कृतीवर, सेकंद त्यानंतर सुरू होतात. तरी दुसऱ्या अंकातल्या भांडणाच्या प्रवेशात मी त्यांचं ऐकलं. तिथे प्रकाश हळूहळू आवळत जातो, आणि तो तरुणाने नटाकडे पाहतच आवळावा असं ठरलं. कागदावर तिथे ‘नजरेने’ एवढंच लिहिलं. ऑर्केस्ट्रात गायकाच्या श्वासावर बोट ठेवणारा तो मुलगा आहे. तिथे आकडा देणं म्हणजे त्याचं कसब वाया घालवणं.

दुसरा प्रयोग

अंकाचा शेवट जमला. हात ज्योतीवर गेला, खोली उतरली, आईच्या खांद्यांवर मागचा तांबूस उजेड राहिला, घंटेचे दोन टोले झाले, मग अंधार. टाळ्या आल्या त्या अंधार पूर्ण झाल्यानंतर. शेजाऱ्याचं स्वगत योग्य जागी उजळलं. संध्याकाळचं आकाश शाबूत राहिलं.

सगळं सुधारलं असं नाही. ‘रेडिओ’चा क्यू एक वाक्य आधी सुटला, कारण संहितेत तेच वाक्य दोनदा येतं आणि कागदावर कुठलं ते लिहिलेलं नव्हतं. आता तिथे वाक्याऐवजी ‘वडील चष्मा काढतात’ असं लिहिलं आहे. आणि शेवटच्या प्रवेशात दोघंजण देव्हाऱ्याजवळ खाली बसून बोलतात, तिथे पुन्हा अर्धवट शिट्टी आली. मामांनी लगेच आवरली, पण आली.

पुढचा प्रयोग दुसऱ्या सभागृहात ठरतो आहे. बाजूंची नावं आणि क्यूंचा क्रम तसाच जाईल. टक्के सगळे नव्याने लावावे लागतील, कारण तिथे दिव्यांचं अंतर वेगळं असणार, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. फूट माईक चारावरून दोनवर आणायला मामा तयार झालेत. देव्हाऱ्यासमोरचाही काढावा आणि त्या प्रवेशात नटांनी थोडं मोकळ्या गळ्याने बोलावं असं माझं म्हणणं आहे. दिग्दर्शकांना तो संवाद कुजबुजतच हवा आहे, त्यामुळे तो माईक कुठे ठेवायचा हे नव्या सभागृहात बसूनच ठरेल.